पॅनमनचा सुटा हात

रोमानिया,
ता. ९ मार्च २०२५, रविवार

तीर्थरूप आप्पांस,

सयाजीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मी इथं बरा हाय, तुम्ही सगळी मुरगुडात बरी असाल असं धरून चालतो. आईचा गुडघा कसा हाय? संयूला सांगा, ह्या कागदाचा फोटो तिच्या मोबाईलवर आला की मोबाईल सरळ तुमच्या हातात द्यायचा. आधी आपण वाचून मजकूर तुमच्या कानात ओरडायचा न्हाय. फोनवर तुम्हाला ऐकायला येत न्हाय, आन मी इथनं ओरडाय लागलो की खोलीवरची नेपाळी पोरं इचारत्यात, घरी भांडण झालं काय म्हणून. त्यापेक्षा लिवलेलं बरं. सातवीनंतर एवढं कवा लिवलं न्हाय, चुकलंमाकलं पोटात घाला.

तुमची चिठ्ठी पोचली. लग्नाआधी घराला रंग काढलाय हे चांगलं केलं. संयूला बघायला पावणं आलते त्यांनी भिंतीवरच्या लेनिनकडं बघून "हे तुमचे गुरू काय?" म्हणून इचारलं आन तुम्ही "एका अर्थानं व्हय" म्हटलं, हे वाचून मी जेवता जेवता हसलो. तरी त्यांनी पोरगी पसंत केली म्हंजे माणसं चांगली हाईत.

पण त्याच्या खालचं वाचून हसू गेलं. तुम्ही लिवलंय, "रंगासाठी फोटो उतरवलाय. परत लावू का नको? तू त्या मुलखात हाईस. तिथल्या माणसांस्नी इचार, त्यांच्या राज्यात खरं काय हुतं. तू म्हणशील तसं करतो." आप्पा, तुम्ही मला आजवर "काय करायलायस" एवढंच इचारत आलाय. "काय करू" हे पहिल्यांदा इचारलं. त्या फोटोची छापील प्रत काढून घडी घालून पाकिटात ठेवलीय.

सांगतो. पण आधी कामाचं सांगतो.

तिसरं काम धरलंय. तोंड वाकडं करू नका. पहिलं बांधकाम संपलं म्हणून सुटलं. दुसऱ्या गोदामातनं मी आपण होऊन सुटलो, ते खरं हाय. दिवसभर खोकी ह्या फळीवरनं त्या फळीवर ठेवून डोस्कं फिरलंतं. हे तिसरं मातर माझ्या हाताचं हाय. शिवाजी पेठेत विजयसिंहदादाच्या शेडात मंडळांचे गणपती करायला शिकलो, तेच प्लास्टर, तेच साचे. फक्त देव न्हाईत.

मालक दोघं. इलिंका ही बाई आन सोरिन हा बाप्या. नवरा-बायको न्हाईत, भाऊ-भन न्हाईत. दोघं मिळून कला करत्यात. म्हंजे काय ते आधी मलाबी कळंना. चित्रं काढत न्हाईत, मूर्ती करत न्हाईत. जुन्या राजवटीतल्या, म्हंजे तुमच्या पक्षाच्या राजवटीतल्या, लोकांच्या आठवणी गोळा करत्यात आन मांडून दाखवत्यात. आपल्याकडं मंडळं देखावा करत्यात तसंच म्हणा की. पण ह्यात लायटिंग न्हाय, डॉल्बी न्हाय, आन राक्षस कुठला ते बी सांगत न्हाईत. बघणाऱ्यानं बघून घ्यायचं.

जागा ऐकून तुम्ही उठून बसाल. बंद पडलेला साखर कारखाना. इथं ऊस न्हाय, बिटाची साखर करायचे. आपण कोशिंबिरीत घालतो तसलं लाल न्हाय, पांढरं, जाड्या मुळ्यावानी. गव्हाणीच्या जागी एक मोठी चर हाय, तिच्यातनं पाण्याबरोबर बीट आत यायचं. पुढं सगळं वळखीचं. पॅनला जाऊन हात लावला. गंजलाय, काच तडकलीय, पण तीच गोल खिडकी, जिच्यातनं तुम्ही आत बघत बसायचा. मी सोरिनला मोबाईलवर भाषांतर करून सांगितलं, माझा बाप पॅनमन हुता, रस उकळून त्याचा दाणा पाडायचा. त्यो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, माझाबी. मग त्यानं हातानं करून दाखवलं, काचेच्या पट्टीवर पाक घेऊन दिव्यासमोर कसा धरायचा ते. मीबी तसंच करून दाखवलं. दोघं खुळ्यागत हात वर करून उभं.

इलिंकाचा बाप त्याच कारखान्यात फिटर हुता. म्हणून ही दोघं आपल्या कामाखाली नावं घालत न्हाईत. "पॅनमनचा पोरगा आणि फिटरची पोरगी" एवढंच लिवत्यात. आता दोघांचेबी बाप न्हाईत.

गावातली म्हातारी माणसं त्या काळातली एकेक वस्तू घेऊन येत्यात. रेशनचं कार्ड, तान्ह्या पोराचं टोपडं, दुधाची काचेची बाटली. एका बाईनं बल्ब आणला, घरात तेवढा एकच पेटवायचे म्हणाली. मी त्याचा साचा काढतो आन वस्तू पांढऱ्या प्लास्टरात उतरवतो. खरी वस्तू ज्याची त्याला परत. आलेल्या माणसाला बसवून चहा देत्यात, आन त्यो चहा बिनसाखरंचा. साखरंच्या कारखान्यात बसून. का, ते मी अजून इचारलं न्हाय.

तुमच्या प्रश्नाचं पुढच्या पत्रात लिवतो. तवर फोटो गादीखाली घालू नका, काच फुटंल.

आईला नमस्कार.

तुमचा,
सयाजी


ता. ६ एप्रिल २०२५, रविवार

ती. आप्पांस, सा. न.

घरची खुशाली संयूकडनं कळली. तुमचं पत्रबी मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "रंग वाळला. काय ते कळव." वाचून तुमचा आवाजच आला कानात.

पण माझं इथं एक लफडं झालंय, ते आधी ऐका. आईला सांगू नका.

पॅनच्या शेडात एक पुतळा आडवा पडलेला हुता. सिमेंटचा, माणसापेक्षा थोराड, कामगाराचा. एका हातात बीट. दुसरा हात वर केलेला असणार, पण त्यो खांद्यापासनं तुटलेला. तोंड निम्मं उडालेलं, नाक न्हाय, एक डोळा न्हाय. त्यो उभा करून मधोमध ठेवायचा आन त्याच्या भवतीनं माझ्या पांढऱ्या वस्तू मांडायच्या असं ठरलेलं. इलिंका आन सोरिन कामासाठी राजधानीला गेली. जाताना मला सांगितलं, पुतळा धुऊन घे, क्रेनवाला येईल, उभा करून घे. बास, एवढंच.

तुम्ही देव मानत न्हाई, तरी तुम्हीच सांगा, भंगलेली मूर्ती कोण चारचौघांपुढं उभी करतंय? विजयसिंहदादाच्या शेडात नुसतं बोट उडालं तरी मूर्ती दाराबाहेर जात नसे. मला वाटलं, ह्यांचं करायचं राहून गेलंय. आपण करून टाकू, आल्यावर खूश हुतील. भिंतीवर कारखाना सुरू झाला तवाचा फोटो हुता, त्यात पुतळा धडधाकट. क्रेनवाल्याकडनं पुतळा उभा करून घेतला आन फोटोवरनं तोंड केलं. हात केला. सिमेंटचा रंग मिळवून आणला. कुठं जुनं संपतंय आन नवं सुरू हुतंय ते जवळनंबी कळू नये असं केलं. आप्पा, लई दिसांनी हात असा चालला. जेवायची आठवण न्हाय, मोबाईलची न्हाय. माझ्या पायाला भिंगरी हाय म्हणता न्हवं तुम्ही, ती तेवढे दिवस थांबलीती.

दोघं आली. सोरिन दारातच उभा राहिला. मग शिडीवर चढला, पुतळ्याच्या गालाला हात लावला आन उतरून तिथंच खाली बसला. आवाज न करता रडत हुता. त्याच्या बापाचं तोंड हुतं ते. पुतळा करणाऱ्यानं त्या वेळी कारखान्यातल्या ह्या पॅनमनलाच समोर उभं करून घडवलंता. मला काय ठाऊक?

इलिंका आत आलीच न्हाय. दारातनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं आन गेली. तवापासनं ती आली न्हाय. सोरिन येतो, पुतळ्यासमोर बसतो, मला तिकडं फिरकू देत न्हाय. काम बंद. इतक्या वर्सांची जोडी माझ्या हातानं फुटली म्हणा.

इलिंकाची आई मागच्या बिल्डिंगीत राहती. मी तिला आज्जी म्हणतो, तिला आवडतंय. शेवटी तिच्याकडं गेलो. मधी टेबलावर मोबाईल ठेवून बोललो, ती बोलली की हिंदीत उमटतंय, मी बोललो की तिच्या भाषेत.

"त्यो हात कुणी लावला?" तिनं इचारलं.

"मी."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाय."

ती हसली. म्हणाली, "आमच्या काळात कुणी न सांगता असलं काय कुणी केलं नसतं बघ."

मग चहा ठेवला. बिनसाखरंचाच. तवा मी इचारलं, आज्जी, हे कडू पाणी काय म्हणून?

तिनं सांगितलं ते सांगतो. त्या काळात साखर रेशनवर हुती. कारखान्यातल्या लोकांनाबी. साखर बाहेरच्या देशात जायची, आन करणारे रांगंत. एकदा रांगंत तिचा नवरा म्हणाला, "साखर आपण करायची आन चहा कडू प्यायचा." एवढंच वाक्य, तेबी हसत. दुसऱ्या आठवड्यात त्याला घरातनं उचलून नेला. दोन हिवाळे आत हुता. परत आला ते छातीचं दुखणं घेऊनच, खोकून खोकून रात्र काढायचा.

मी इचारलं, पण रांगंतलं बोलणं वर गेलं कसं?

"पक्षाकडं कळवणारा माणूस त्या खात्यात एकच हुता," म्हणाली. "पॅनमन."

मी कप खाली ठेवला.

पुढं एकोणनव्वद सालात राज्य पडलं, त्या डिसेंबरात तिचा नवरा शिडी घेऊन गेला आन त्यानं पुतळ्याचा हात तोडला, तोंड फोडलं. गावानं बघितलं. आज्जी म्हणाली, "जल्मात तेवढं एक काम त्यानं स्वतःच्या मर्जीनं केलं. त्याच्या लेकीला त्याचं दुसरं काय आठवतच न्हाय, नुसता खोकला आन त्यो शिडीवरचा. ते तू बुजवलंस, लेकरा."

हे रागानं न्हाय म्हणाली. वर बिस्किटं दिली.

आता ह्यांनी मला काढलं तर इथं राहायचा माझा परवानाबी जातोय, कारण त्यो ह्याच कामावर हाय. तसं झालं तर फोटोचं समोरासमोरच बोलू. मी पिशवी भरून ठेवलीय. गोदामातनं निघालो तसं आपण होऊन निघावं म्हणतोय, कुणी जा म्हणायच्या आधी.

सयाजी


ता. २७ एप्रिल २०२५, रविवार

तीर्थरूप आप्पांस, आईस, दोघांस नमस्कार, आन ह्या बारीला मनापासनं खुशाल हाय.

तुमची चिठ्ठी वेळंवर आली. "केलंस ते जाऊन सांग. पळू नको." एवढ्यासाठी संयूला कामातनं उठवून फोटो काढायला लावला म्हणं. बरं केलं. मी एसटी स्टँडच्या, म्हंजे इथल्या बसस्टँडच्या, चौकशीपर्यंत जाऊन आलतो.

मागच्या रविवारी ह्या लोकांचा ईस्टरचा सण झाला. अंडी लाल रंगवत्यात आन एकमेकांच्या अंड्यावर आपटून फोडत्यात, ज्याचं फुटत न्हाय त्यो जिंकला. आज्जीनं मला जेवायला बोलावलं. गेलो तर टेबलाच्या एका बाजूला इलिंका, दुसऱ्या बाजूला सोरिन. दोघांनाबी दुसरा येणार हे सांगितलंच नव्हतं. म्हातारी बेरकी हाय. नुसती अंडी फुटायची टकटक.

मी म्हटलं आता सांगावं. म्हटलं, त्यो हात निघतोय.

दोघं माझ्याकडं बघाय लागली.

आप्पा, तुम्हाला ठाऊक हाय, मंडळांच्या मोठ्या गणपतीचे हात सुटेच असत्यात. रस्त्यात तारा लागत्यात, शेडाच्या दारातनं मूर्ती जात न्हाय, म्हणून हात पाइपवर बसवायचा आन मांडवात नेल्यावर आत सरकवायचा. मी हाबी तसाच केलेला. त्यात काय डोकं चालवलं न्हाय, माझ्या हाताला दुसरं येतच न्हाय. तोंडबी गौरीच्या मुखवट्यागत वरनं अडकवलेलं, कारण जुन्या सिमेंटवर प्लास्टर धरंना. खाली सगळं तुटलेलं हाय तसंच हाय. हे आधीच का सांगितलं न्हाय, तर इलिंका भेटंना, आन सोरिनच्या देखत त्याच्या बापाचं तोंड उपसून काढायचं मला धाडस झालं न्हाय.

चौघंबी उठून कारखान्यात गेलो. मी शिडी लावून हात फिरवून ओढला, आला. मुखवटा काढला. आत तेच फुटकं तोंड. इलिंकानं त्यो हात माझ्याकडनं घेतला. जड हाय म्हणाली, आन पॅनच्या पायरीवर बसली, मांडीवर हात आडवा घेऊन, पोर घेतल्यावानी.

मग सोरिनला म्हणाली, "तुझ्या बापानं सांगितलं नसतं तर माझ्या बापाला हे तोडावं लागलं नसतं."

त्यो म्हणाला, "ठाऊक हाय."

"आपण इतकी वर्सं काम करतोय, हे कवा बोललो न्हाय."

"न्हाय."

"हे तोंड तुला पाहिजे?"

"बाप हाय माझा," म्हणाला. "घरात चांगला हुता गं त्यो."

इलिंकानं हात बघितला, उलटा केला, आतला पाइप बघितला. म्हणाली, "मग तू रोज लाव. मी रोज काढणार."

त्यो म्हणाला, "काढ."

एवढंच. आज्जी मागनं वरडली, मला कोण घरी पोचवणार, पाय गारठलं माझं. तवा तिघंबी हसलो. सोरिन मला म्हणाला, पुन्हा न इचारता कशाला हात लावलास तर ह्या पॅनमध्ये घालून उकळीन. मी म्हटलं, आधी पॅन दुरुस्त करा.

काल ते सुरू झालं. सकाळी लोक जमले की सोरिन शिडी लावतो, मुखवटा अडकवतो, हात बसवतो. दुपारी इलिंका शिडी लावती आन दोन्ही काढती. शिडी एकच. दोघं काय बोलत न्हाईत, कुणाला समजावून सांगत न्हाईत. काल हात बसवला तवा एका म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या, काढला तवा दुसऱ्यानं. मग ती दोघं शेजारी बसून कडू चहा प्याली. काय बोलली ते मला कळलं न्हाय, पण उठायचं नाव काढंनात.

माझं काम पक्कं झालंय, परवाना वाढवायचा कागद इलिंकानं भरला. लग्नाला सुट्टीबी दिली. तिकीट काढलंय. आईला हे तेवढं ओरडून सांगा.

आता तुमचं.

घरी येणारच हाय, तरी हे लिवूनच कळवतो. तुम्हाला ऐकायला येत न्हाय, आन ही गोष्ट ओरडून सांगायची न्हाय.

मी इथल्या माणसांस्नी इचारलं. साचा वाळंस्तोवर ती बसून राहत्यात, तवा इचारलं. कुणी म्हणतंय घर मिळालं, काम मिळालं, पोरं शिकली, आता तीच पोरं दुसऱ्या देशात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेल्यात आन आमच्या गावात काम करायला तू एवढ्या लांबनं आलास. तेबी खरं हाय. पण आप्पा, बोलता बोलता सगळी जणं आवाज खाली आणत्यात. आता कोण ऐकायला न्हाय, तरी. दार बंद हाय का बघून मग रांगंचं सांगत्यात. त्या फोटोखाली इथं माणसं हळू बोलायची. बाप पोराम्होरं हळू बोलायचा, पोरगं शाळंत बोलून बसंल म्हणून. जे तुम्ही मुरगुडात सभंत सांगत आलाय, तसं इथं नव्हतं. आन जे तुमचे विरोधक सांगायचे, त्यातलं बरंच खरं हुतं.

हे मला गोदामात असतानाच कळलंतं. तुमची चिठ्ठी यायच्या लई आधी. फोनवर तुम्ही संयूकरवी इकडचं इचारायचा आन मी तिला म्हणायचो रेंज न्हाय. मला भ्या ह्याचं की तुम्ही म्हणाल, मग माझं सगळं आयुष्य वाया गेलं की.

पण पुतळ्याचं झाल्यावर मी आपल्या घरातली ती भिंत आठवत बसलो. लहानपणी मला त्या फोटोची लाज वाटायची, शाळंत पोरं चिडवायची म्हणून. आता आठवतोय तर त्याच्याखाली कुणी हळू बोललेलं मला आठवतच न्हाय. झुंबरबाई आठवती. पोटुशी हाय म्हणून मुकादमानं तिला ऊसतोडीच्या टोळीतनं काढलंतं, आन तुम्ही त्याच्या दारात जाऊन बसला, तिला परत घेईस्तोवर उठला न्हाई. ती आपल्या घरी आली ती त्या फोटोखाली बसून तुम्हालाच शिव्या द्यायला. एवढा उशीर का लावला म्हणून. तुम्ही मान खाली घालून ऐकत हुता. तवा तुमचे कान चांगले हुते. आईनं तिला चहा दिला, त्यात साखर बक्कळ हुती.

इथल्या फिटरला ज्यानं पकडून दिलं त्योबी पॅनमन, आन तुम्हीबी पॅनमन. फोटो एकच. मला ह्याचा मेळ लावता येत न्हाय. सोरिन आन इलिंकालाबी येत न्हाय, म्हणून रोज शिडी लावायचं ठरवलंय.

तुम्ही म्हटलं, मी म्हणीन तसं करणार. तर लावा. पण मधल्या भिंतीवर नको, पहिल्या जागी नको. कुठं ते तुम्ही बघा. आन पावण्यांनी इचारलं तर गुरू म्हणू नका. म्हणा, वळखीचा माणूस हाय, त्याच्या घरी लई वाईट झालं.

चुकलं असलं तर आल्यावर दोन तोंडात मारा.

सयाजी


ता. ११ मे २०२५, रविवार

तीर्थरूप आप्पांस,

नमस्कार. सगळी बरी असाल. मी तर लईच बरा हाय.

पत्र पाठवलं आन तुमच्याकडनं काय येईना. संयूला इचारलं तर म्हणती, वाचलं, चष्मा काढला, शेताकडं गेले. दुसऱ्या दिवशी इचारलं तर म्हणती, गप हाईत. तिसऱ्या दिवशी मी साच्यात प्लास्टर ओतायचं इसरलो आन पाणीच ढवळत बसलो. इलिंकानं बघितलं, कडू चहा आणून दिला.

आज संयूनं फोटो पाठवला. मागच्या सोप्यात, परसदाराशी, हौदाजवळ, तुमच्या दाढीच्या आरशाशेजारी नवा खिळा, आन खिळ्याला लेनिन. खाली तुमची चिठ्ठी. "सकाळी दाढी करताना दोघं समोरासमोर येतो. माझी निघती, त्याची निघत न्हाय. सोविएत गेलं तवापासनं ज्यानं त्यानं टोमणा मारला की मी भांडायला उभा. मला काय कमी ठाऊक हुतं? पण एकटा कुठं मान्य करू? आता भांडायचं न्हाय म्हटल्यावर घसा मोकळा झाला. काल दुपारी जेवून असा झोपलो की तुझ्या आईनं हलवून बघितलं. मधल्या भिंतीवर काय लावायचं ते तू आल्यावर बघू. घाई न्हाय."

आप्पा, मी हे सोरिनला वाचून दाखवलं. मोबाईलनं काय भाषांतर केलं देव जाणे, पण त्यो हसला आन मग खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. इलिंकानं आरशाची गोष्ट तिच्या आईला सांगितली. आज्जीनं तुमच्यासाठी बिटाच्या साखरंचा पुडा दिलाय, लग्नाच्या चहात घाला म्हणून. म्हटलं, आज्जी, तुम्ही तर कडूच पिता. म्हणाली, मी पिते, मुलुखानं का प्यावा. पुडा दुकानातला हाय, पण दाणा कसा पडलाय ते काचेवर धरून तुम्ही सांगायचं, मला तिला कळवायचंय.

एक राहिलंच. पुतळ्याजवळच्या पाटीवर दोघांनी माझंबी नाव घालायचं काढलंतं. मी म्हटलं, तुमची नावं न्हाईत तिथं माझं कशाला? लिवायचंच तर तुम्ही दोघं लिवता तसं बापाचं काम लिवा. लिवलंय, आन पाटी लागलीय. रोज सकाळी शिडी धरताना बघतो.

येतोच हाय. कागलपर्यंत कुणाला पाठवू नका, मी येतो एसटीनं. मागच्या सोप्याकडनं आत येईन.

आणखी एका पॅनमनचा पोरगा,
सयाजी